उरलेल्या सॅलडचे धपाटे

आमच्या सासरी जेवण झालं की ताटात थोडं पाणी ओतायचं, बोटांनी ताट निपटून धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी सासऱ्यांना तसं पाणी पिताना बघितलं आणि मला वाटलं, यांच्याजवळ कुणी भांडं ठेवलं नाही की काय. घाईघाईनं मी तांब्या-भांडं नेऊन त्यांच्यापुढं ठेवलं. सगळं घर हसलं. मला इतका राग आला की संध्याकाळपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. मला राग लवकर येतो आणि सावकाश जातो, हे आधीच सांगून ठेवते.

माहेरी आम्हीही गळ्यात लिंग घालणारी, कपाळाला विभूती लावणारी माणसं. पण आमचं पेडगावचं शेतीचं घर, तिथं हा नेम आजोबांबरोबर गेला. ताटात काही उरलं तर ते म्हशीच्या टोपल्यात जायचं, आणि म्हैसही खुशाल असायची. इथं वालूरला किराणा दुकानाचं घर. नेम पक्का. ताटात आलेला तो प्रसाद. तो टाकायचा नाही, त्याला नाव ठेवायचं नाही, आणि एकदा ताट धुवून प्यालं की पुन्हा काही वाढून घ्यायचं नाही. तिथं जेवण संपलं.

आता तुम्हीच सांगा, अशा घरात सैपाक करणाऱ्या बाईनं कुणाला काय आवडलं ते ओळखायचं कसं? मीठ विसरले तरी ताट स्वच्छ. भाजी करपली तरी ताट स्वच्छ. एकदा साखरेचा आणि मिठाचा डबा बदलला आणि मी शिऱ्यात मीठ घातलं, तर माझा नवरा आणि सासरे दोघेही तो शिरा खाऊन, ताट धुवून पिऊन दुकानात गेले. मी स्वतः घास घेतला तेव्हा मला कळलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांच्यापुढं एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, की या घरात चांगलं म्हणत नाहीत आणि वाईटही म्हणत नाहीत, मग मी कुणासाठी एवढं करू? आत्याबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ताटाकडं काय बघतीस, हाताकडं बघत जा." मी हो म्हटलं आणि विसरून गेले. विसरायला नको होतं.

आत्याबाई जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या दसऱ्याला मामांना कवळी बसवली. मामा म्हणजे सासरे, आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. ऐंशीला दोन कमी, पण रोज सकाळी आंघोळ करून लिंग तळहातावर घेऊन पूजा, मग नाष्टा, मग दुकानात जाऊन बसणार. काम नवराच बघतो. मामा फक्त गिऱ्हाइकाला त्याच्या बापाची ख्यालीखुशाली विचारतात. दात सगळे गेले होते, म्हणून सेलूला नेऊन कवळी करून आणली. कवळी घातल्यावर मामा हसले की दहा वर्षांनी लहान दिसायचे. कशी बसली म्हणून विचारलं, तर म्हणाले, लय झकास.

दिवाळीला पुण्याहून नणंद आली. मामांना थोडी साखर निघाली होती, तेवढ्यावर तिनं आहाराचा छापील तक्ताच आणला होता आणि मला मोबाइलवर चार व्हिडिओ दाखवले. भाकरी कमी, भात बंद, दूध कमी. त्याऐवजी दोन्ही जेवणांना उकडलेल्या ज्वारीचं सॅलड. अख्खी ज्वारी रात्री भिजवायची, सकाळी कुकरला पाच-सहा शिट्ट्या करायच्या, मग त्यात काकडी, टमाटे, कांदा, डाळिंबाचे दाणे, भाजलेले शेंगदाणे, कोथिंबीर घालून वरून लिंबू पिळायचं. ज्वारी काय, घरचीच. पेडगावहून माझा भाऊ दरवर्षी दोन पोती टाळकी ज्वारी पाठवतो, दाणा मोत्यासारखा. मला ते सॅलड दिसायलाही आवडलं. पांढरा, लाल, हिरवा रंग. या घरात एवढं रंगीत काही केल्याचं मला आठवत नव्हतं.

मामांना पहिल्या दिवशी वाटीभर दिलं. ते खायला त्यांना पाऊण तास लागला. ताट नेहमीसारखं स्वच्छ. मी नवऱ्याला म्हटलं, बघा, किती चवीचवीनं खायलेत. दुसऱ्या दिवशी दीड वाटी दिलं, तर तासभर लागला. मला इतका आनंद झाला म्हणता! जो माणूस दहा मिनिटांत जेवून उठायचा तो माझ्या सॅलडपाशी तासभर बसतो, याचा दुसरा काय अर्थ असणार? मी वाटी वाढवत वाढवत मोठ्या वाडग्याएवढ्या बुट्टीवर आणली. नणंदेला फोटो पाठवले. गल्लीत सांगत फिरले. शेजारणीला म्हटलं, तुमच्या म्हाताऱ्यांनाही द्या, आमचे मामा बघा कसे मन लावून खातात.

आता काट्याचं सांगते. आमच्या दुकानात पोती तोलायचा मोठा काटा आहे. तो खरा की खोटा हे बघायची मामांची आपली एक रीत आहे. दर पुनवेला ते चप्पल काढून स्वतः काट्यावर उभे राहतात. मामांचं वजन बासष्ट, गेली वीस वर्षं बासष्ट. काट्यानं बासष्ट दाखवलं की काटा खरा. मग कुणी गिऱ्हाईक मापाबद्दल बोललं, तर मामा त्याला सांगायचे, या काट्यावर आमी स्वतः उभे राहतो.

दिवाळीनंतरच्या पुनवेला बासष्ट भरले. मार्गशीर्षाच्या पुनवेला एकोणसाठ. मामा खाली उतरले, पुन्हा चढले. एकोणसाठच. म्हणाले, काटा बिघडला. नवऱ्यालाही तेच वाटलं. सेलूहून काटा दुरुस्त करणारा बोलावला. त्यानं उघडून बघितलं, वजनं ठेवून बघितली, आणि सांगितलं की काट्याला काही झालेलं नाही. मामांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याला चहा पाजला, पण विश्वास ठेवला नाही. महिनाभर दुकानात काटा बिघडल्याचीच चर्चा होती आणि माझा नवरा शेजारच्या दुकानातून काटा आणून साखर तोलत होता. घरात एवढं शिकलेलं कुणी नाही असं नाही, पण मामांचं वजन कमी झालं असेल असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

पौषाच्या पुनवेला छप्पन भरले. त्या दिवशी मामा काट्यावरून उतरून चप्पल न घालताच जागेवर जाऊन बसले. मी डबा घेऊन दुकानात गेले होते. बंडीतून त्यांची गळ्याची हाडं वर आलेली मला दिसली. रोज समोर असलेला माणूस, आणि मला दिसलं नव्हतं. नवऱ्याचा चेहराही उतरला. आत्याबाईंचंही असंच झालं होतं, आधी वजन उतरलं आणि मग जे निघालं ते निघालं.

गावातल्या डॉक्टरांनी परभणीच्या मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या करायला सांगितल्या. मंगळवारचा दिवस ठरला. नणंद फोनवर रडायली. मला म्हणाली, वैनी, खाणं तर नीट आहे ना त्यांचं? मी म्हटलं, खाणं एकदम व्यवस्थित, ताटात दाणा उरत नाही. हे मी छातीठोकपणे सांगितलं, देवाशपथ. मामा मात्र शांत होते. त्यांनी पूजेची पेटी आवरली आणि माणूस गेल्यावर लागतात त्या विभूतीच्या गोट्या कुठं ठेवल्यात ते मला बोलावून दाखवलं. तेवीस वर्षांत ते त्यांनी मला कधी दाखवलं नव्हतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं आणि तिथून निघून आले. मला ते बघायचंच नव्हतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू रविवारी आधीच ठरलेलं होतं. मोडावं असं वाटत होतं, पण मामा म्हणाले, बाया येतील त्यांना येऊ दे. खायला काय करावं? मी म्हटलं, माझं सॅलडच करावं. पातेलंभर केलं. द्रोणात घालून दिलं. बाया वाणाच्या डब्या बघायल्या, एकमेकींच्या साड्या बघायल्या, आणि द्रोण तसेच हातात. समोरच्या घरातली माझी मैत्रीण तोंडानं फटकळ. ती म्हणाली, जबडा दुखायलाय बाई, आमच्याकडं बैलाला असं भिजवून घालतात. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, तुमाला चव कळत नाही, आमच्या मामांना विचारा, दोन वेळा खातात. ती म्हणाली, मामा कशानं चावतात? मी म्हटलं, नवीन कवळी आहे त्यांना, दात तुझ्यापेक्षा बरे आहेत. आणि तिच्या हातातला द्रोण परत घेतला. असा राग आला होता!

सोमवारी सकाळी उठले तर अर्धं पातेलं सॅलड तसंच. काकडीला पाणी सुटलेलं, टमाटे गळालेले, लिंबामुळं सगळ्याला आंबट वास. मामांना तेच पुन्हा द्यावं म्हटलं तर बघवत नव्हतं. टाकावं म्हटलं तर या घरात टाकायची सोय नाही, आणि म्हैस माहेरी. उद्याच्या जाण्याची पिशवी भरायची होती, मैत्रिणीवरचा राग उतरला नव्हता, मामांच्या काळजीनं रात्री झोप नव्हती. मी डाळिंबाचे दाणे तेवढे वेचून तोंडात टाकले आणि बाकी सगळं सॅलड मिक्सरमध्ये ओतून झाकण दाबून धरलं. मिक्सर ओरडायला लागला तसं मला जरा बरं वाटलं.

भरड लगदा निघाला. त्यात ज्वारीचं पीठ, मूठभर डाळीचं पीठ, लसूण-मिरचीचं वाटण, ओवा, तीळ, हळद. पाणी एक थेंबही लागलं नाही, काकडीनंच दिलं होतं. ओल्या फडक्यावर धपाटा थापला, मध्ये भोक पाडलं, तव्यावर टाकून कडेनं तेल सोडलं आणि झाकण घातलं. लिंबाचा आंबटपणा होता तो बरा लागणार असं वासावरूनच कळत होतं. तक्त्यात धपाट्याचं नाव नव्हतं. म्हटलं, आज एक दिवस तक्ता राहू दे.

मामा पूजा आटोपून पाटावर बसले. मी धपाटा, दही आणि शेंगदाण्याची चटणी वाढली आणि दुसरा थापायला वळले. तो तव्यावर टाकून मागं बघते तर मामांचा घास तोंडाकडं चाललेला, आणि ताटात फक्त चतकोर. हात कुठं थांबतच नव्हता. मोडायचा, दह्यात बुडवायचा, तोंडात. मी दुसरा वाढला. तोही गेला. मी उलथनं हातात धरून त्या हाताकडं बघत उभी राहिले, आणि मग मला आत्याबाईंचं ते बोलणं आठवलं. गेल्या दोन महिन्यांतला मामांचा हातही आठवला. एक चमचा उचलायचा, थांबायचा. बराच वेळ थांबायचा. मग पुन्हा चमचा. मी त्याला चवीनं खाणं म्हणत होते.

दोन धपाटे झाल्यावर मामांनी ताटात पाणी घातलं, बोटांनी धुतलं, पिऊन टाकलं. जेवण संपलं. पण उठेनात. रिकाम्या ताटाकडं बघत बसले. मग त्यांनी ते धुतलेलं ताट हळूच माझ्याकडं सरकवलं.

"अजून एक हाय का ग, माय?"

तेवीस वर्षांत त्या घरात मी असलं काही बघितलं नव्हतं. मी तिसरा वाढला, चौथा वाढला. नवरा दाराशी येऊन उभा राहिला होता, तोही बघत राहिला. चौथा संपला तेव्हा माझा धीर सुटला. मी सासऱ्यांसमोर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. म्हटलं, "मामा, खरं सांगा. ते सॅलड तुमाला चावत होतं का?"

मामांनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंडात हात घालून खालची कवळी काढली आणि ताटाच्या बाजूला ठेवली. हिरडीला आतून एवढी मोठी जखम होती, लाल, कडेनं पांढरी. कवळी पहिल्या आठवड्यापासून टोचत होती. दाणा मध्ये आला की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. म्हणून मी आत वळले की मामा कवळी काढून खिशात ठेवायचे.

"मग खायचात कसं?"

"गिळायलो, माय. पाण्यासंगट, गोळी गिळावं तसं. एकेक दाणा."

अहो, बुट्टीभर ज्वारी! एकेक दाणा! तासभर! आणि भाकरी मी कमी केलेली, भात बंद केलेला, दूध तोडलेलं. अख्खा दाणा पोटात जात होता आणि तसाच बाहेर पडत होता, मग माणसाच्या अंगाला लागणार काय? मी तिथंच खाली बसले. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीच्या वर राग येत होता, तो स्वतःचा. सांगितलं का नाही म्हणून मी विचारलं, तर मामा म्हणाले, ताटात आलेल्याला नाव ठेवायचं नसतं. जरा थांबून म्हणाले, "आन तू एवढ्या हौसेनं करायलीस. वाटी मोठी मोठी होत चालली, मला वाटलं आता कमी होईल, मग होईल."

नवरा भिंतीकडं तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतोय. तो हसत होता. मग बघितलं तर दोन्ही करत होता.

मंगळवारी परभणीला गेलोच, दिवस ठरलेला होता. सगळ्या तपासण्या झाल्या आणि काही निघालं नाही. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि मला विचारलं, जखम किती दिवसांची? मी खाली मान घालून सांगितलं. येताना सेलूला उतरून कवळी घासून नीट करून घेतली. नणंदेला मी फोन केला आणि तिच्या तक्त्याबद्दल जे बोलायचं ते बोलले. माझ्याबद्दलचंही सांगितलं, नाही असं नाही. मैत्रिणीकडं मात्र चार धपाटे घेऊन स्वतः गेले. माझा हा दुसरा अवतार बघून तिनं तोंडात बोटं घातली. धपाटे खाऊन म्हणाली, हे बैलाला देऊ नको.

मामांना आता तीच ज्वारी दळून, भरडून, वाटून, हवी तशी मिळते. साखरही ताब्यात आहे. माघाच्या पुनवेला अठ्ठावन्न भरले, फाल्गुनात साठ. साठ भरले त्या दिवशी मामांनी जाहीर केलं की काटा आता सुधारायलाय.

चैत्रात माझीच साखर जरा वर निघाली. म्हणून एका दुपारी मी पुन्हा सॅलड केलं, थोडंसंच. मामांचं आणि नवऱ्याचं ताट वाढलं, आणि सवयीनं माझा चमचा मामांच्या ताटाकडं गेला. डोक्यात काही नव्हतं, हात आपला गेला. तेवढ्यात मामांनी तळहात उघडून ताटावर आडवा धरला.

"नको."

आवाज बारीक होता, पण नको म्हणाले. त्या घरात ताटावर बसलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मामा स्वतःच दचकल्यासारखे दिसले, पण हात काढला नाही. मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं की काय सांगू. कुणी माझ्या सैपाकाची तारीफ केली असती तरी इतकं वाटलं नसतं. मी चमचा हातात घेऊन तशीच उभी, डोळे भरलेले.

नवऱ्यानं हे सगळं बघितलं. मग त्यानंही आपल्या ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "आता निघालंच हाय तर तुझ्या भरल्या वांग्याचंबी सांगू का?"

तेवीस वर्षं. दर शुक्रवारी. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सॅलड त्या दुपारी मी एकटीनं खाल्लं. चावायला अर्धा तास लागला आणि जबडा दुखला. मग ताटात पाणी घातलं, बोटांनी निपटून धुतलं आणि पिऊन टाकलं.